हात बांधून ऑटिझम जात नाही: गावोगाव फिरणाऱ्या एका संदेशाला उत्तर

आमच्या भागातल्या गावांच्या व्हॉट्सॲप गटांवर सध्या ऑटिझमविषयीचा, म्हणजे ज्या स्थितीत मेंदूची वाढ वेगळी होऊन मूल लहानपणापासून इतरांशी वेगळ्या प्रकारे वागते-बोलते तिच्याविषयीचा, एक लांबलचक संदेश फिरतो आहे. त्यावर लिहिणाऱ्याचे नाव नाही, 'जास्तीत जास्त पालकांपर्यंत पोहोचवा' ही विनंती मात्र दोनदा आहे. त्यातले दावे थोडक्यात असे. मूल हात फडफडवते, स्वतःभोवती गिरक्या घेते, वस्तू ओळीत लावते किंवा तेच वाक्य दिवसभर बोलते, ही निव्वळ वाईट सवय आहे आणि २१ दिवस हात बांधून ठेवले की ती कायमची सुटते. अमेरिकेतल्या एका शास्त्रज्ञाने उंदरांवर प्रयोग करून सिद्ध केले आहे की पिंजऱ्यात कोंडल्यानेच असे वागणे सुरू होते. म्हणजे ऑटिझम आईवडिलांनी मुलाला घरात कोंडल्यामुळे आणि हातात मोबाईल दिल्यामुळे होतो, आणि मूल मोकळे सोडले की ६० दिवसांत पूर्ण बरे होते. गोवराची लस हे दुसरे कारण. गहू आणि दूध बंद करून शरीरातले 'जड धातू' (पारा, शिसे यांसारखे) बाहेर काढणारे औषध घ्यावे, हा उपाय, आणि सोबत त्या बाटलीचा भाव. आणि शेवटी सल्ला असा, की सरकारी दवाखान्यातून दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र घेऊ नका, मुलावर जन्मभराचा शिक्का बसेल.

हा संदेश माझ्या चुलत बहिणीच्या घरी पोहोचला. तिचा मुलगा पाच वर्षांचा आहे आणि त्याला ऑटिझम असल्याचे निदान झालेले आहे. कापूस वेचणीच्या दिवसांत ती शेतात गेलेली असताना तिच्या सासूबाईंनी जुन्या लुगड्याच्या पट्टीने नातवाची मनगटे खाटेला बांधून ठेवली. "लेकराचं भलं व्हावं म्हनून बांधलं वं माय, मोबाईलवर डॉक्टरनं सांगतलं होतं," असे त्या मला म्हणाल्या, आणि त्यांच्या मायेबद्दल मला तिळमात्र शंका नाही. माझा राग संदेश लिहिणाऱ्यावर आहे. मी जिल्हा परिषदेच्या शाळांमधल्या दिव्यांग मुलांसोबत काम करणारी विशेष शिक्षिका आहे. त्यामुळे या संदेशातला एकेक दावा तपासून त्याचे उत्तर देणे हे माझे कामच आहे असे मी समजते.

सर्वांत घातक दावा पहिला आहे, म्हणून त्यावरच मी अधिक वेळ घालवणार आहे. पुन्हा पुन्हा तेच करणे ही ऑटिझमवर बाहेरून चिकटलेली सवय नाही, तो त्या स्थितीचा गाभा आहे. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातले बालमानसोपचारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी १९४३ साली ११ मुलांचे वर्णन करून ऑटिझम प्रथम सविस्तर मांडला, तेव्हा इतर माणसांपासूनचे वेगळेपण आणि सर्व काही होते तसेच राहावे हा हट्ट, या दोन गोष्टी त्यांनी केंद्रस्थानी ठेवल्या होत्या. आज जगभर वापरल्या जाणाऱ्या २०१३ सालच्या डीएसएम-५ या निदानपुस्तिकेतही हा भाग कायम आहे. शरीराच्या, वस्तूंच्या किंवा बोलण्याच्या त्याच त्या हालचाली, ठरलेल्या क्रमाचा आग्रह, एखाद्याच विषयात विलक्षण गुंतणे, आणि आवाज, स्पर्श, प्रकाश यांविषयी कमी किंवा जास्त संवेदनशीलता, या चारांपैकी किमान दोन गोष्टी असल्याशिवाय निदान होत नाही. आमच्याकडची मुले सायकल उलटी करून तिचे चाक तासभर फिरवतात, तुरीचे दाणे भिंतीशी ओळीत लावतात, अंगणवाडीला जाताना नेहमीचा रस्ता सोडला की धुळीत लोळण घेतात. हे सारे त्या चार प्रकारांत बसते.

या वागण्याचा अभ्यास ज्यांनी आयुष्यभर केला, त्यांत जेम्स बॉडफिश आणि मार्क लुईस ही दोन नावे फार महत्त्वाची आहेत. बॉडफिश, सायमन्स, पार्कर आणि लुईस यांचा २००० साली प्रसिद्ध झालेला शोधनिबंध या क्षेत्रात आजही वारंवार उद्धृत केला जातो. त्यांनी बौद्धिक अक्षमता असलेल्या लोकांचे दोन गट घेतले, एकात ऑटिझम असलेले आणि दुसऱ्यात नसलेले, आणि त्यांच्या पुनरावृत्त वागण्याची तुलना केली. हे वागणे दोन्ही गटांत आढळले, परंतु ऑटिझम असलेल्या गटात त्याचे प्रकार अधिक होते आणि तीव्रताही अधिक होती. या कामातून आलेली ४३ प्रश्नांची मोजपट्टी आज अनेक देशांत वापरली जाते. तिच्यात सहा वेगवेगळे कप्पे आहेत: हात फडफडवण्यासारख्या साच्यातल्या हालचाली, स्वतःला इजा करणे, केल्याशिवाय चैन न पडणाऱ्या कृती, विधीसारखा ठरलेला क्रम, बदलाला विरोध, आणि मर्यादित गोष्टींतच रस. या कप्प्यांचे महत्त्व संदेश लिहिणाऱ्याला कळलेलेच नाही. तुरीचे दाणे ओळीत लावणारे मूल आणि डोके भिंतीवर आपटणारे मूल या दोघांनाही त्याने एकाच दोरीने बांधायला सांगितले आहे.

आपल्या शेतकऱ्याला हे पटायला अवघड जाऊ नये. कपाशीवर लाल्या दिसला की मॅग्नेशियम कमी पडले, नत्र कमी पडले, तुडतुडे आले, पाणी साचले की रात्री गारठल्या, हे तो आधी पाहतो आणि मग खर्च करतो, कारण पान लाल होण्यामागे कारण एकच नसते. मुलाच्या हालचालीमागेही तसेच आहे. एक मूल आनंदाने हात फडफडवते. दुसरे पोळ्याच्या दिवशी डफड्यांचा आणि घुंगरांचा आवाज असह्य झाल्यामुळे फडफडवते आणि त्या हालचालीच्या आधाराने कसेबसे उभे राहते. ब्रिटनमध्ये स्टीव्हन कॅप आणि सहकाऱ्यांनी ३२ ऑटिस्टिक प्रौढांना या हालचालींविषयी विचारले. तो अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. या हालचालींमुळे अनावर झालेल्या भावना आणि संवेदना आवरता येतात, जीव शांत होतो, असे त्यांनी सांगितले, आणि बळजबरीने थांबवण्याला त्यांचा विरोध होता. बोलता न येणारे पाच वर्षांचे मूल हे सांगू शकत नाही. म्हणून ज्यांना सांगता येते त्यांचे ऐकणे अधिक आवश्यक आहे.

आता बांधण्याच्या परिणामांविषयी. बांधलेला हात खेळत नाही, घास उचलत नाही, बोट दाखवून मागत नाही. ज्या वयात हे सगळे शिकायचे, त्याच वयात २१ दिवस आपण ते बंद करतो. पट्टी घट्ट असेल तर मनगटाला व्रण पडतो, दीर्घकाळ बांधून ठेवले तर स्नायू दुबळे होतात आणि सांधे आखडतात. ज्या त्रासामुळे मूल हालचाल करत होते तो त्रास मात्र तसाच राहतो. हाताला वाट मिळाली नाही की ओठ चावणे, डोके आपटणे, किंचाळणे अशा दुसऱ्या वाटा मूल शोधते. मेळघाटातल्या तान्ह्या बाळांच्या पोटावर तापलेल्या लोखंडाने दिला जाणारा डंबा आपण अघोरी म्हणतो, त्याविरुद्ध जनजागृती करतो. मुलाला बांधून ठेवण्याला 'थेरपी' म्हणून पुढे पाठवताना आपल्याला काहीच वाटू नये, हे मला समजत नाही.

स्वतःला इजा करणाऱ्या मुलाचा प्रश्न वेगळा आहे आणि तो गंभीर आहे, हे मान्य करते. स्वतःच्या मनगटाचा लचका तोडणाऱ्या मुलाचा हात त्या क्षणी धरावाच लागतो. पण ती त्या क्षणाची सुरक्षा झाली, उपचार नव्हे. ब्रायन इवाटा आणि सहकाऱ्यांनी १९८२ साली स्वतःला इजा करणाऱ्या नऊ मुलांची वेगवेगळ्या परिस्थितींत काळजीपूर्वक पाहणी केली आणि प्रत्येकाचे कारण सारखे नसते हे दाखवून दिले. कोणी लक्ष मिळावे म्हणून, कोणी नको असलेले काम टळावे म्हणून, तर कोणी त्या संवेदनेसाठीच स्वतःला मारत होते. तेव्हापासून आधी कारण शोधा आणि मग उपाय ठरवा, ही पद्धत रूढ झाली. त्यात मी माझ्याकडून एवढेच जोडेन की जे मूल कधी स्वतःला मारत नव्हते आणि अचानक मारू लागले, त्याचा कान, दात आणि पोट आधी दाखवून घ्यावे. कान फुटला आहे, दाढ किडली आहे किंवा शौच अडली आहे, हे त्याला सांगता येत नाही, आणि घरचे लोक मात्र 'वागणे बिघडले' असे समजून बसतात.

मग करायचे काय, असे विचारणाऱ्यांसाठी कॅनर यांच्याच पहिल्या रुग्णाचे उदाहरण देते. १९४३ च्या लेखातला पहिला मुलगा म्हणजे मिसिसिपी राज्यातल्या फॉरेस्ट या लहानशा गावचा डोनाल्ड ट्रिप्लेट. तो ठोकळे आणि भांडी गरगर फिरवी, आकड्यांत आणि मोजमापात गुंतून राही. १९४२ साली आईवडिलांनी त्याला घरापासून सुमारे दहा मैलांवरच्या एका शेतकरी जोडप्याकडे ठेवले. १९४५ साली कॅनर तेथे गेले आणि त्या जोडप्याच्या शहाणपणाने थक्क झाले, असे त्यांनी १९७१ च्या लेखात लिहून ठेवले आहे. मुलाला मोजण्याचा नाद होता, म्हणून त्यांनी त्याला विहीर खणायला लावली आणि खोली किती झाली ते सांगायला लावले. तो मेलेले पक्षी आणि किडे गोळा करी, म्हणून त्याला शेतातच एक जागा देऊन तेथे त्यांची स्मशानभूमी करायला सांगितले. मक्याच्या ओळी तो सतत मोजत राही, तेव्हा नांगरता नांगरता मोज, असे त्यांनी सांगितले. कॅनर यांच्या डोळ्यांदेखत त्याने सहा लांब ओळी नांगरल्या आणि घोडाही व्यवस्थित वळवला. पुढे डोनाल्ड पदवीधर झाला, त्याने बँकेत नोकरी केली, आणि २०२३ साली वयाच्या ८९ व्या वर्षी त्याचे निधन झाले. प्रत्येक ऑटिस्टिक मुलाचे असेच होईल असे मी कधीही म्हणणार नाही. कॅनर यांच्या त्या ११ मुलांपैकी अनेकांचे आयुष्य संस्थांमध्ये गेले. मात्र त्या जोडप्याकडे पदव्या नव्हत्या, यंत्रे नव्हती, शेत होते. त्यांनी पुनरावृत्ती मोडली नाही, तिला काम दिले. आमच्या एका शाळेत वर्गाबाहेरच्या चपला पुन्हा पुन्हा ओळीत लावणाऱ्या मुलाला गुरुजींनी शालेय पोषण आहाराच्या ताटल्या मांडण्याचे काम दिले आहे आणि तो ते रोज चोख करतो. एवढे करायला कोणत्याही गावात काही अडचण नसावी.

दुसरा दावा उंदरांचा. हा सर्वांत फसवा आहे, कारण त्यात अर्धे सत्य आहे. मार्क लुईस यांनी फ्लोरिडा विद्यापीठात डिअर माउस या उत्तर अमेरिकेतल्या रानउंदरांवर अनेक वर्षे काम केले, हे खरे. प्रयोगशाळेच्या नेहमीच्या रिकाम्या पिंजऱ्यात ठेवलेले हे उंदीर कोणी न शिकवता आणि कोणतेही औषध न देता सतत उभ्या उड्या मारत राहतात, मागे कोलांट्या घेत राहतात. हीच पिले दूध सुटल्यावर मोठ्या पिंजऱ्यात, नळ्या, चाके, लपायच्या जागा आणि बदलती खेळणी देऊन वाढवली तर हे वागणे बरेच कमी होते, हेही खरे. ज्यांचे वागणे कमी झाले त्या उंदरांच्या मेंदूत हालचालींवर नियंत्रण ठेवणाऱ्या भागांतल्या चेतापेशींवर एकमेकींशी जोडणी करणारे सूक्ष्म काटे अधिक दाट आढळले, आणि नको ती हालचाल रोखणारा मेंदूतला मार्ग अधिक कार्यरत आढळला. वातावरणाचा विकसित होणाऱ्या मेंदूवर असा दिसण्याजोगा परिणाम होतो, हा या कामाचा मोठा निष्कर्ष आहे आणि तो मला अतिशय मोलाचा वाटतो.

आता संदेशाने त्यात काय घुसडले ते पाहा. पहिली गोष्ट, त्या उंदरांना ऑटिझम नव्हता आणि संशोधकांनी तसा दावाही केला नाही. त्यांनी अभ्यासासाठी निवडले ते पुनरावृत्त वागणे, जे बौद्धिक अक्षमता, ओसीडी (तेच विचार आणि कृती टाळता न येण्याचा आजार), टूरेट (अचानक झटके आणि आवाज येण्याचा आजार) अशा अनेक स्थितींत दिसते. एखाद्या लक्षणाचा प्राण्यांत अभ्यास केला म्हणजे संपूर्ण स्थितीचे कारण सापडले, असे होत नाही. दुसरी गोष्ट, सुधारलेल्या पिंजऱ्यातही काही उंदीर पूर्वीसारखेच उड्या मारत राहिले. वातावरण तेच असूनही सुधारलेले आणि न सुधारलेले उंदीर यांच्या मेंदूंची तुलना करूनच वरचे निष्कर्ष काढले गेले आहेत. म्हणजे '६० दिवसांत पूर्ण बरे' ही हमी ज्या प्रयोगाच्या नावावर दिली जाते, त्या प्रयोगाचा निम्मा अर्थ हमी देता येत नाही या निरीक्षणावरच उभा आहे. तिसरी गोष्ट सर्वांत संतापजनक आहे. बंदिस्त, रिकाम्या जागेत पुनरावृत्ती वाढते हे ज्या संशोधनाने दाखवले, त्याचाच दाखला देणारा हा माणूस चार ओळी वर मुलाचे हात बांधून ठेवा असे सांगतो. त्याच्या स्वतःच्या पुराव्याने त्याचा स्वतःचा उपाय खोटा ठरतो, आणि हे न पाहता शेकडो लोकांनी तो पुढे पाठवला.

माणसांच्या बाबतीत अत्यंत टोकाच्या उपेक्षेचा अभ्यास झालेला आहे. रुमानियातल्या अनाथालयांत भयंकर अवस्थेत वाढलेली आणि नंतर इंग्लंडमध्ये दत्तक गेलेली १११ मुले मायकेल रटर आणि सहकाऱ्यांनी अभ्यासली. १९९९ च्या त्यांच्या अहवालानुसार त्यांतल्या सुमारे सहा टक्के मुलांत ऑटिझमसारखे वागणे दिसले, आणि चार ते सहा वर्षांच्या वयात ते पुष्कळ मुलांत कमीही झाले. म्हणजे उपेक्षेचा काहीच परिणाम होत नाही, असे कोणी म्हणत नाही. पण जेथे बाळांशी कोणी बोलत नव्हते, त्यांना कोणी उचलून घेत नव्हते, त्या अनाथालयांशी आपल्या वाडीवस्तीवरच्या घराची तुलना करायची? जेथे आजी, काकू, शेजारची मुले दिवसभर येत-जात असतात आणि आई शेतावरून आल्याबरोबर लेकराला कडेवर घेते? आईवर ठपका ठेवण्याची ही खोड जुनी आहे. १९६० च्या दशकात ब्रुनो बेटलहाइम यांनी आईच्या थंडपणाचा सिद्धांत लोकप्रिय केला आणि असंख्य आयांचे आयुष्य अपराधी भावनेत घालवले. १९७७ साली सुझन फोलस्टीन आणि रटर यांनी जुळ्यांच्या २१ जोड्या अभ्यासल्या. एकाच बीजापासून झालेल्या ११ जोड्यांपैकी चारांत दोन्ही मुलांना ऑटिझम होता, वेगळ्या बीजांच्या दहा जोड्यांत एकाही जोडीत दोघांना नव्हता. अभ्यास लहान होता, पण आनुवंशिकतेचा मोठा वाटा नंतरच्या कितीतरी मोठ्या अभ्यासांनी पक्का केला आहे. माझी बहीण गेली दोन वर्षे स्वतःलाच दोष देते आहे आणि हा संदेश वाचून तिने पुन्हा तेच सुरू केले, म्हणून हे एवढे विस्ताराने लिहावे लागले.

मोबाईलविषयी एवढे मान्य करते की लहान मुलाच्या हातात तो तासन्‌तास असू नये. दोन ते चार वर्षांच्या मुलासाठी दिवसाला एक तासापेक्षा जास्त पडदा नको, त्याहून कमी असेल तर उत्तम, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली सांगितले आहे. पडद्यापुढचा वेळ मुलाशी बोलण्याच्या, खेळण्याच्या वेळेतून जातो, हेही खरे. म्हणून मोबाईलने ऑटिझम होतो हे मात्र सिद्ध होत नाही. कॅनर यांच्या मुलांच्या घरी दूरचित्रवाणीसुद्धा नव्हती. मूल मोकळे खेळावे, त्याला माती, पाणी, झाड, जनावर यांचा सहवास मिळावा, हेही मला पूर्ण मान्य आहे. कॅलिफोर्नियात वू आणि लिऑन यांनी २०१३ साली २८ ऑटिस्टिक मुलग्यांचा एक छोटा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात काही मुलांना नेहमीच्या उपचारांसोबत सहा महिने घरच्या घरी वेगवेगळे वास, स्पर्श, थंड-गरम पाणी, चालण्याचे वेगवेगळे पृष्ठभाग असे अनुभव आईवडिलांनी रोज दिले. त्यांतल्या ४२ टक्के मुलांच्या लक्षणांत ठळक सुधारणा दिसली, इतरांत ती सात टक्के होती. संख्या फार लहान आहे, सुधारणा म्हणजे बरे होणे नव्हे, आणि नेहमीचे उपचार कोणीही बंद केले नव्हते. तरीही सालई-पळसाची पाने, ओली-कोरडी माती, चुलीजवळची ऊब आणि माठाचे गार पाणी एवढी सामग्री आपल्याकडे फुकट आहे आणि ती वापरायला हरकत काहीच नाही. फक्त मूल रस्त्याकडे, विहिरीकडे किंवा कालव्याकडे धावत सुटणारे असेल तर 'मोकळे सोडा' हा सल्ला जिवावर बेतू शकतो. सोबत मोठे माणूस हवेच.

लशीच्या दाव्यावर फार शब्द खर्च करण्याची माझी इच्छा नाही. तो १९९८ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या १२ मुलांवरच्या एका लेखातून पसरला, तो लेख २०१० साली मागे घेतला गेला आणि त्याचे मुख्य लेखक अँड्र्यू वेकफील्ड यांचे नाव ब्रिटनच्या वैद्यकीय नोंदवहीतून काढले गेले. डेन्मार्कमध्ये ६,५७,४६१ मुलांच्या नोंदी तपासून २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात गोवराची लस घेतलेल्या आणि न घेतलेल्या मुलांत ऑटिझमचा धोका सारखाच आढळला. आपल्याकडे लशीचा दुसरा डोस १६ ते २४ महिन्यांत देतात आणि मूल बोलत नाही, हाकेला वळत नाही, हे आईच्या लक्षात येते तेही साधारण त्याच सुमारास. म्हणून दोन्हींची सांगड घातली जाते. गोवराने मात्र मूल खरोखर दगावू शकते.

गहू आणि दूध बंद करण्याचा उपाय २०१६ साली १४ मुलांवर काटेकोरपणे तपासला गेला आणि वागण्यात फरक आढळला नाही. ऑटिस्टिक मुले आधीच मोजके चार पदार्थ खातात. पोळी आणि दूध हेच त्यांतले दोन असतील तर ते काढून घेतल्यावर मुलाच्या पोटात जाणार काय? जड धातू काढण्याच्या औषधाविषयी मात्र सावध करते. २००५ साली अमेरिकेच्या पेन्सिल्व्हेनिया राज्यात पाच वर्षांचा एक ऑटिस्टिक मुलगा अशाच औषधाने रक्तातले कॅल्शियम एकदम खाली जाऊन हृदय बंद पडल्याने मरण पावला. अगदी डॉक्टरांच्या विश्वासातल्या औषधांबाबतही येथे नम्रता लागते. पुनरावृत्त वागणे कमी होईल या आशेने सिटॅलोप्रॅम हे औषध १४९ मुलांवर तपासले, तेव्हा २००९ च्या निष्कर्षात ते औषध नसलेल्या रिकाम्या गोळीपेक्षा सरस ठरले नाही आणि त्याचे दुष्परिणाम मात्र दिसले. एवढी तपासणी करूनही संशोधक 'चालले नाही' असे लिहितात, आणि येथे नाव नसलेला माणूस बाटलीचा भाव सांगतो.

शेवटचा सल्ला प्रमाणपत्राविषयीचा आहे, आणि तो ऐकून गरीब घराचे पैशाचे थेट नुकसान होते. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ मध्ये मान्य केलेल्या २१ प्रकारांत ऑटिझम आहे. ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व प्रमाणित झालेल्या मुलाला वयाच्या सहाव्या ते अठराव्या वर्षापर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क त्याच कायद्याने दिला आहे. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखालच्या 'निरामय' योजनेतून वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतचा आरोग्यविमा मिळतो आणि त्यात थेरपीचाही खर्च येतो. गावातले लोक मुलाला 'येडं' म्हणतात ते प्रमाणपत्र पाहून नव्हे. ते नसल्याने मूल शाळेबाहेर राहते आणि थेरपीसाठी नागपूरला जायचे तर एसटीचे भाडे, बुडालेली मजुरी आणि फी हे सगळे घरालाच सोसावे लागते.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा तपासणीला येते. त्याच्याकडून चिठ्ठी घेऊन जिल्हा रुग्णालयातल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात जाता येते, आणि पथकाची वाट पाहायची नसेल तर आशाताईंना सांगून ग्रामीण रुग्णालयातून थेटही पाठवणी करून घेता येते. जाताना मुलाची ती हालचाल मोबाईलवर दोन-चार वेळा टिपून न्यावी, कारण अनोळखी खोलीत मूल कित्येकदा ती करतच नाही आणि तपासणाऱ्याला अर्धीच माहिती मिळते. हालचालीच्या आधी काय झाले होते, आवाज होता का, भूक होती का, कोणी काही हिसकावले होते का, आणि हालचाल थांबली ती कशाने, एवढे वहीत तारखेसह लिहून नेले तर पहिल्याच भेटीत निम्मे काम होते. ज्याला लिहिता येत नाही त्याने अंगणवाडी सेविकेकडून किंवा माझ्यासारख्या शिक्षिकेकडून लिहून घ्यावे. आम्ही त्यासाठीच आहोत.